अडीचशे दिनारची जोडी, पाव दिनारची पट्टी

कुवेतमधली आमच्या ओळखीची उंच जागा म्हणजे जहराच्या पुढची मुतला टेकडी. तिची उंची दीडशे मीटरसुद्धा भरत नाही, आणि नाव घेतलं की घरातली मराठी पोरं अजून फिदीफिदी हसतात. अशा सपाट देशात बसून स्कीच्या चोरीवर लिहिणं विचित्र वाटेल. पण 25 आणि 26 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय सुट्ट्या शुक्रवार-शनिवारला जोडून आल्या की सालमिया, मंगाफ, फहाहीलमधली निम्मी मराठी कुटुंबं बर्फाकडे निघतात. कोणी तिबिलिसीमार्गे जॉर्जियातल्या गुदौरीला, कोणी बाकूमार्गे शाहदागला, शेंगेन व्हिसा मिळाला तर ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडला, आणि त्याच दिवसांत भारतात रजा असेल तर गुलमर्गला. आमच्या घरी हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे जानेवारी लागला की मैत्रिणींचे फोन मलाच येतात. प्रश्न ठरलेले. साहित्य विकत घ्यावं का? आणि भाड्याचं चोरीला गेलं तर किती भरावे लागतात?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देते. नको.

पूर्ण उत्तर आकड्यांत आहे. खाली एक दिनार म्हणजे साधारण पावणेतीन ते तीन युरो, किंवा पावणेनऊ जॉर्जियन लारी, असा ढोबळ भाव धरला आहे. निघायच्या आठवड्यात तो पुन्हा बघा. नव्या शिकाऊ माणसासाठी बाइंडिंगसकट (बूट अडकवायच्या कळीसकट) स्कीची जोडी, बूट आणि काठ्या असं मध्यम प्रतीचं साहित्य युरोपात 500 ते 800 युरोंच्या घरात जातं, म्हणजे 180 ते 280 दिनार. मी अडीचशे धरते. चौघांचे झाले हजार. गुदौरीला असाच संच भाड्याने घेतला तर दिवसाला 50 लारींच्या आसपास, म्हणजे जेमतेम सहा दिनार. चार दिवस, चार माणसं, शंभर दिनारच्या आत काम होतं. आल्प्समध्ये दिवसाचे 30 ते 40 युरो पडतात, आठवड्याचं एकदम घेतलं की थोडं उतरतं. जॉर्जियाच्या हिशेबाने विकत घेतलेला संच दहा वर्षांनी वसूल होणार, आणि तोवर मुलांच्या पायांचं माप पाच वेळा बदललेलं असणार.

शिवाय उरलेले 51 आठवडे ते साहित्य ठेवायचं कुठे? 21 जुलै 2016 ला मित्रिबाहला 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं, त्या देशात आपण राहतो. स्कीच्या बुटांचा प्लास्टिकचा सांगाडा आणि पॉलियुरेथेनचे भाग उष्णता-दमटपणात हळूहळू ठिसूळ होतात. इमारतीच्या तळघरातल्या स्टोअरमध्ये किंवा गाडीच्या डिकीत दोन उन्हाळे काढलेला बूट बाहेरून नवाकोरा दिसतो आणि बर्फावर पाय ठेवल्यावर त्याचा तुकडा पडतो. दरवर्षी न चुकता जाणारे असाल तर फक्त स्वतःचे बूट घ्या. पायाला नीट बसणारा बूट भाड्याच्या दुकानात नशिबानेच मिळतो. बकलं लावून, एसी असलेल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. स्की मात्र भाड्याचीच.

भाड्याची म्हटलं की दुसरा प्रश्न आलाच. तो नीट समजायला स्कीची चोरी होते कधी ते बघायला हवं.

ती होते जेवणाच्या वेळी. बारा ते दोनच्या मध्ये डोंगरावरच्या हॉटेलसमोरच्या लाकडी रॅकवर शंभर-दीडशे जोड्या उभ्या असतात, सगळे आत सूप पीत असतात, आणि बाहेर कोण कोणाची जोडी उचलतोय हे विचारणारं कोणी नसतं. हातात स्की घेऊन चालणारा माणूस डोंगरावर संशयास्पद दिसत नाही. तिथे सगळेच तसे चालतात. त्यानंतरची धोक्याची वेळ संध्याकाळची, बस यायच्या आधीची दहा मिनिटं आणि खाली उतरल्यावर कॉफीला थांबलेला अर्धा तास. तिसरी जागा म्हणजे गाडीच्या टपावर रात्रभर बांधून ठेवलेली स्की. आल्प्समध्ये महागड्या, नव्या जोड्या ठरवून उचलणारे असतात. पण भाड्याच्या, ओरखडे पडलेल्या, दुकानाचा बारकोड चिकटवलेल्या जोडीत चोराला फारसा रस नसतो. ती बहुतेक वेळा चुकून जाते. एकाच दुकानातून एकाच रंगाच्या पन्नास जोड्या निघालेल्या असतात आणि भुकेल्या माणसाचं लांबी-बिंबीकडे लक्ष नसतं.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी कॉकेशसमधल्या एका स्की गावात दुपारी पावणेदोनला आम्ही जेवून बाहेर आलो, तर माझी जोडी गायब. यजमानांची आणि मुलांची जागेवर. यांनी रॅक तीन वेळा पालथी घातली. मी भाड्याच्या दुकानात फोन केला, तर पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, 1,100 लारी. मनातल्या मनात सव्वाशे दिनार झाले. आमच्या चौघांच्या संपूर्ण भाड्यापेक्षा जास्त! मी तिथेच बर्फात बसले. मग आमची लेक म्हणाली, "आई, आपण चार वाजेपर्यंत थांबू. शेवटी जी उरेल ती त्याची." पोरगी तेव्हा अकरा वर्षांची होती. चार वाजता लिफ्ट बंद झाली, लोक आपापल्या जोड्या घेऊन गेले, आणि रॅकवर एकच जोडी उरली. आमच्याच दुकानाची, माझ्याच रंगाची, पाच सेंटिमीटर लांब. तिच्यावरचा बारकोड घेऊन दुकानात गेलो तर माझी जोडी दीड तासापूर्वीच परत येऊन त्यांच्या मांडणीवर ऐटीत उभी होती. आणणाऱ्याने पाहिलं नव्हतं, घेणाऱ्यानेही नव्हतं.

तेव्हा पहिला नियम. जोडी दिसत नसेल तर आधी दुकानाला फोन, मग लिफ्ट बंद होईपर्यंत त्याच रॅकवर नजर. उरलेल्या जोडीचा बारकोड म्हणजे तुमच्या जोडीचा पत्ता. पोलिसांकडे त्यानंतर जायचं, पण त्याच दिवशी. उद्यावर ढकलायचं नाही. का, ते पुढे विम्यात येईल.

आता प्रतिबंधाचा खर्च. सगळ्यात स्वस्त उपाय बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो. वायरमन वापरतात ती रंगीत इन्सुलेशनची चिकटपट्टी, पाव दिनारला एक. पिवळी किंवा भगवी घ्या, काळी नको. दोन्ही स्कींच्या टोकाला आणि शेपटीला दोन-दोन वेढे मारले की पन्नास जोड्यांत तुमची जोडी दुरून ओळखू येते. चुकून उचलणारा तिथेच थांबतो. परत देताना पट्टी निघते, दुकानदार कुरकुर करत नाही. काठ्यांना मी जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधते. मुंबई विमानतळाच्या पट्ट्यावर आपल्या बॅगा लाल नाडीवरून ओळखतो, तसंच. स्कीला मात्र कापड बांधू नका, कुठेतरी अडकून तोंडावर पडाल.

दुसरा उपाय फुकट आहे आणि मला सगळ्यात आवडतो. जोड्या मोडायच्या. माझी डावी आणि यांची उजवी एका रॅकवर, माझी उजवी आणि यांची डावी वीस पावलं लांबच्या दुसऱ्या रॅकवर. एका स्कीचा उपयोग कोणालाच नाही, ना चोराला ना विसरभोळ्याला. जुने स्कीवाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. यात एकच अडचण. जेवून बाहेर आल्यावर आपली दुसरी कुठे ठेवली हे आपल्यालाच आठवलं पाहिजे. मी रॅकचा फोटो काढते. यांचा विश्वास स्मरणशक्तीवर आहे, त्यामुळे आमचं रोज दहा मिनिटं भांडण होतं, पण स्की राहते.

तिसरा उपाय, कुलूप. स्टीलच्या बारीक तारेचं, आकड्यांचं, मुठीत मावणारं कुलूप मिळतं. हेल्मेटला किंवा सामानाला लावतात तसलं, तीन ते सहा दिनारला. तार बाइंडिंगच्या मधून आणि रॅकच्या दांड्यामागून घ्यायची, चौघांच्या जोड्या एकदम बांधायच्या. नुसत्या स्कींभोवती वेढा घातला तर त्या वरून सरळ ओढून काढता येतात. पक्कड घेऊन आलेल्याला हे कुलूप अडवणार नाही. पण पक्कड घेऊन आलेला माणूस तुमच्या भाड्याच्या जोडीसाठी आलेला नसतो. आकड्यांचंच घ्या, कारण बोटं गारठल्यावर किल्ली बर्फात पडते आणि मग ती एप्रिलमध्ये सापडते. हे कुलूप इथेही वाया जात नाही. नोव्हेंबर ते मार्च वाळवंटात कश्त्याला, म्हणजे तंबू ठोकून राहायला जाणारे जनरेटर बांधायला नेतात, आणि उरलेलं वर्ष मुलाच्या सायकलला.

रात्रीसाठी आल्प्समधल्या हॉटेलांत स्की ठेवायची वेगळी, कुलपाची खोली असते, बूट वाळवायची सोयसुद्धा. ती भाड्यात धरलेली असते का हे बुकिंगच्या वेळीच विचारा. लिफ्टच्या पायथ्याशी लॉकर दिवसाला साधारण चार-पाच युरोंपासून मिळतात. एका मोठ्या लॉकरमध्ये चौघांचं मावत असेल तर ते पैसे मला वाजवी वाटतात, चोरीपेक्षा खांद्यांसाठी. काही भाड्याची दुकानंच रात्रभर फुकट ठेवून घेतात. असं दुकान दिवसाला दोन युरो महाग असलं तरी तेच घ्या. साहित्य त्यांच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्यांची.

ट्रॅकरबद्दल सगळे विचारतात. ॲपलचा एअरटॅग 2021 मध्ये 29 डॉलरला आला, म्हणजे नऊ दिनार. भाड्याच्या स्कीवर तो चिकटवायला जागा नाही आणि अर्थही नाही. पण स्वतःचे बूट असलेल्या बॅगेत जरूर टाका. 2024 च्या अखेरीपासून हरवलेल्या वस्तूचा ठावठिकाणा विमान कंपनीला लिंकने पाठवता येतो, आणि बर्फाच्या सहलीत सामान हरवायची जास्त शक्यता डोंगरावर नाही, विमानतळावर असते. त्यात बसणारी बटणासारखी बॅटरी थंडीत लवकर दमते. निघण्यापूर्वी बदला.

विमानाचं आलंच तर तेही सांगून टाकते. कुवेत आणि भारत दोन्ही मॉन्ट्रियल करारात आहेत. 28 डिसेंबर 2024 पासून सामान हरवणं, तुटणं, उशिरा येणं यासाठी विमान कंपनीची कमाल जबाबदारी दर प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे, म्हणजे सुमारे दोन हजार डॉलर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा प्रवाशामागे आहे, बॅगेमागे नव्हे. सामान मोडून आलं तर तक्रार सात दिवसांत लेखी करायची, उशिरा आलं तर हाती पडल्यापासून 21 दिवसांत. आणि विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर नोंद करून तिचा कागद घ्यायचा. टॅक्सी थांबली आहे म्हणून हा कागद न घेता बाहेर पडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना नंतर काही मिळालं नाही.

आता विमा, म्हणजे जिथे पैसे खरे जातात ती जागा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून आपण कुवेतमधून एखादी स्वस्तातली पॉलिसी काढतो आणि निर्धास्त होतो. तो विमा आजारपण आणि अपघातासाठी आहे. बहुतेक साध्या पॉलिसींत स्की हा खेळच वगळलेला असतो, त्यासाठी हिवाळी खेळांचं वेगळं कलम पैसे भरून जोडावं लागतं. ते जोडाच. स्कीसाठी नाही, गुडघ्यासाठी. आणि सामानाच्या चोरीचं कलम असेल तर त्यात 'देखरेखीविना ठेवलेली वस्तू' हे शब्द शोधा. रॅकवर उभी केलेली स्की ही नेमकी देखरेखीविना ठेवलेली वस्तू आहे. कुलूप होतं हे दाखवता आलं तर काही कंपन्या ऐकतात. म्हणून कुलपासकट रॅकचा फोटो. पोलिसांचा अहवाल बऱ्याच पॉलिसींना 24 तासांच्या आतला लागतो. म्हणून त्याच दिवशी पोलीस. जॉर्जियात आणि युरोपीय संघात तातडीचा क्रमांक 112 आहे, आपल्या कुवेतसारखाच. कागदावर 'हरवलं' नव्हे, 'चोरी' असं लिहून घ्या. दोन्हींचे परिणाम वेगळे असतात. कागद स्थानिक भाषेत असेल, हरकत नाही, पण क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा.

यापेक्षा कामाचा विमा भाड्याच्या काउंटरवर मिळतो. आल्प्समध्ये मोडतोड आणि चोरीसाठी दिवसाला माणशी दोन ते चार युरो जादा घेतात. सही करण्यापूर्वी विचारायचं. चोरी धरली आहे की फक्त मोडतोड? पहिले किती युरो आपल्या खिशातून? कुलूप लावणं किंवा जोडी दोन रॅकवर वेगळी ठेवणं ही अट आहे का? आणि विमा नसेल तर भरपाई नव्या किमतीने की वापरलेल्या? शेवटच्या प्रश्नावर दुकानदार किंचित थांबतो. ते थांबणं ऐका. माझा हिशेब असा की आठवडाभरासाठी मोठ्या दोघांचा घ्यावा, तो साधारण दहा ते वीस दिनारांत बसतो आणि पाचशे युरोंचा धोका टळतो. मुलांचा घेऊ नये. त्यांच्या छोट्या जोड्यांची किंमत कमी असते आणि त्या कोणाच्या पायाला होतही नाहीत. जिथे काउंटरवर असा विमा नाही, तिथे 'हरवली तर किती' हा आकडा पावतीवर लिहून घ्या. माझ्या 1,100 लारींचा आकडा पावतीवर कुठेच नव्हता.

काउंटरवरच आणखी दोन मिनिटं द्या. स्कीचा बारकोड, बाइंडिंगजवळचा क्रमांक, बुटाच्या तळव्यावरचा आकडा आणि आधीच पडलेले ओरखडे, सगळ्यांचे फोटो. परत देतानाही एक फोटो आणि पावतीवर सही. भाड्याच्या व्यवहारात चोरीपेक्षा जास्त भांडणं 'हा ओरखडा तुमचा' यावरूनच होतात.

आणि डिपॉझिट. इथे जरा थांबून वाचा. काही दुकानं डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागतात, आणि रांगेत मागे माणसं उभी असली की आपण देऊन टाकतो. देऊ नका. तो पासपोर्ट गहाळ झाला तर परदेशातला भारतीय दूतावास घाईत जे इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. त्यावर तुम्ही मुंबईला उतराल, कुवेतला नाही. घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं फरवानियात आणि तुम्ही पासपोर्टासाठी महाराष्ट्रात! सिव्हिल आयडीही देऊ नका. मार्च 2019 पासून कुवेत परदेशी रहिवाशांच्या पासपोर्टावर अकाम्याचा, म्हणजे रहिवास परवान्याचा स्टिकर लावत नाही, त्यामुळे तुमच्या रहिवासाचा मुख्य पुरावा म्हणजे ते कार्ड. रोख डिपॉझिट द्या आणि पावती घ्या, किंवा क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवू द्या. फार तर पासपोर्टाची झेरॉक्स आणि एखादं जुनं ओळखपत्र. कुवेतहून निघतानाच चार झेरॉक्स बॅगेत टाका. ज्या दुकानाला यातलं काहीच चालत नाही, त्याच्या शेजारी दुसरं दुकान असतं.

गुलमर्गबद्दल थोडक्यात. तिथे भाड्याचा संच हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो, साहित्याची प्रत मात्र दुकानागणिक बदलते. बाइंडिंग सुटतं का हे उचलण्यापूर्वी स्वतः बघा. शिकायचं असेल तर केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था तिथेच आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 चा, दुसरा 2005 चा, आणि दुसरा अफरवटच्या कुशीत सुमारे 3,950 मीटरवर नेतो. मदतनीस स्की उचलायला पुढे येतात. दर आधी ठरवा, आणि जोडी त्याच्या खांद्यावर असली तरी नजर तुमची ठेवा.

पहिल्यांदाच जाणारे असाल आणि हे सगळं वाचून धास्ती घेतली असेल, तर आधी एक दिवस दुबईला जा. मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई 2005 पासून चालू आहे. सगळ्यात लांब उतार 400 मीटरचा, तापमान शून्याखाली, आणि स्की, बूट, काठ्या, जाड कपडे तिकिटातच. तिथे पडून घ्या. बाइंडिंग कसं लावायचं, जोडी खांद्यावर कशी टाकायची, इतकं जरी जमलं तरी डोंगरावरच्या पहिल्या दिवसाचे पैसे वाचतात.

चोरी टाळायला काय खर्च झाला याची मी गेल्या वर्षीची यादी काढून पाहिली. चिकटपट्टी 250 फिल्स, कुलूप साडेचार दिनार, झेरॉक्स चारशे फिल्स, काउंटरवरचा विमा मोठ्या दोघांचा बारा दिनार. एकूण 17 दिनार 150 फिल्स. साडीचा काठ घरचाच होता. परतताना कुलपाचा आकडा यांनी बदलला आणि विसरले. ते आता मुलाच्या सायकलला लागलेलं आहे आणि हारिसकडे, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडे मोठी पक्कड आहे का ते उद्या विचारायचं आहे.